सहा पायांचा खेकडा

सर, माझी मुलगी परवा कॉलेजच्या निसर्ग अभ्यास सहलीला आंबोलीला निघाली आहे आणि तिचा सहलीचा अहवाल आजच लिहून तयार आहे. सीनियरकडून मिळाला म्हणे. मी तोंड उघडायच्या आत तिनं सांगून टाकलं, "आई, टेन्शन नको घेऊस, सगळेच करतात." मला रागवायचं होतं, पण तुमची आठवण आली आणि हसू फुटलं.

मी तिच्याच वयाची आहे आणि आपल्या कॉलेजची बस आंबोलीचा घाट चढते आहे. काचेबाहेर नुसतं धुकं. तुम्ही म्हणता, "जर्नलं इकडे द्या, वर पाऊस आहे, भिजतील." मी बेसावधपणे माझंही देते. तुम्ही सहज उघडता आणि पानं उलटतच राहता. "डोंगर अजून यायचाय, आणि तू बघून परतसुद्धा आलीस?" सगळी बस हसते. मग तुम्ही खेकड्याच्या चित्रापाशी थांबता. "काय गं, याच्या पायांची एक जोडी कुणी खाल्ली?" दोन नांग्या आणि पाय सहाच. सीनियरच्या जर्नलवरून मी तो तसाच उतरवला होता, तिनं तिच्या सीनियरच्या. मी नेरूळची, खाडीकाठच्या आगरी घरातली. दर रविवारी चिंबोरीचे पाय मोडून खाणारी, आणि मला ते मोजायचं सुचलं नव्हतं. बसमधलं हसू थांबल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "या जर्नलवर सही नाही करणार मी. खेकडा शोध, बघ, मग काढ. डोळ्यांनी बघशील तेवढंच लिही." तुमच्या सहीशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नव्हतं. म्हणजे वर्ष गेलं.

दुपारभर मी ओढ्यात दगड उलटत होते. तुम्ही छत्री धरून चार पावलं लांब उभे. तुम्ही साताऱ्याकडचे, वनस्पतीशास्त्राचे. त्या डोंगरावरच्या झाडाझुडपांची नावं तोंडपाठ, पण खेकडा म्हटलं की मागे सरकायचात. एका दगडाखाली तो सापडला, जांभळट पाठीचा. आईनं शिकवलं होतं तसा मी मागून दाबून उचलला. "अगं, धरेल तो!"

"नाही धरत, सर. असा पकडला की नांगी पोचत नाही."

उलटा करून बघते तर पोटाची झडप रुंद, म्हणजे मादी. झडप जरा उचलली. खाडीच्या चिंबोरीला तिथे अंडी असतात. इथे इवली इवली पिल्लं होती, पायांसकट तयार. तुम्ही छत्री टाकलीत आणि पँटची पर्वा न करता चिखलात बसलात. "वाचलं होतं गं. बघतोय आज."

मादीला मी पुन्हा दगडाखाली सोडलं आणि तिथेच बसून चित्र काढलं. दोन नांग्या, आठ पाय. खाली लिहिलं, पिल्लं सत्तावीस. तुम्ही ओल्या हातानं सही केलीत. शाई जरा फुटली. परतताना बसमध्ये उभे राहून म्हणालात, "त्या लंगड्या खेकड्यावर मी सहा वर्षं सह्या करतोय. चूक माझी पण आहे. आणि हिनं बघा, पिल्लंसुद्धा मोजली!" घरी आईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "जल्ला तुजं कालेज! चिंबोरीचं पाय मोजाया डोंगराव गेलीस?"

पुढे मी वर्तमानपत्रात लागले. अर्ध्या तासात मजकूर द्यायचा असला तरी तुमचं वाक्य कानात असायचं, आणि त्यानं मला बऱ्याच वेळा वाचवलं. तुम्हाला जाऊनही आता किती वर्षं झाली.

आज ते पान मी मुलीपुढे ठेवलं. ती बराच वेळ बघत होती. "सत्तावीस? खरंच मोजलीस?"

"मग!"

तिनं सीनियरचा अहवाल बाजूला सारला आणि कोरी वही बॅगेत भरली.

हे पत्र कुठे धाडायचं हा प्रश्नच नाही. ते त्याच पानात ठेवते आहे, तुमच्या सहीवर. सर, मी वीसपर्यंतच मोजली होती. मग ती वळवळायला लागली, आणि तुमचा चेहरा इतका खुलला होता की वरची सात मी पदरची घातली.