हिरवी की पांढरी

६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी औषधांच्या ट्रकबरोबर आलं. फोनला रेंज हवी तर केंद्राच्या गच्चीवरच्या टाकीवर चढावं लागतं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी नर्सबाई टाकीवर उभ्या राहून वहिनीशी गप्पा मारताना दिसल्या तर पेशंट यायचे बंद होतील. म्हणून पत्रच बरं.

आमच्या जुन्या जीपने अखेर मान टाकली. तिच्या तळाला भोक पडलंय, पायाखालून रस्ता पळताना दिसतो. आरोग्य समिती डोंगरातल्या पाच केंद्रांसाठी पाच नव्या गाड्या घेणार आहे. दोन कंपन्यांच्या गाड्या शेवटपर्यंत टिकल्यात, एक हिरवी आणि एक पांढरी, आणि तू मोटारींच्या मासिकात चाचण्या लिहितोस म्हणून त्यांची चाचणी घ्यायला तुला बोलावणार आहेत. मी शब्द टाकला नाही हं. अध्यक्षांनी तुझं नाव काढलं तेव्हा मी निमूट छताकडे बघत बसले.

माझा रस्ता तुला सांगून ठेवते. आधी ओढा, गुडघाभर पाण्याचा. मग लगेच वरच्या वस्तीची चढण, आणि चढणीच्या मध्यावर असं वळण की गाडी एका दमात वळतच नाही. तिथे थांबावं लागतं. आमचे कंपाउंडर काका उतरतात आणि मागच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावतात. साठी आली, गुडघे कुरकुरतात, पण ठोकळ्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. गाडी दिसायला कशी आहे याच्याशी मला काही घेणं नाही. ओढ्यात बंद पडू नये आणि चढणीवर दगा देऊ नये, एवढं बघ.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी


२७ फेब्रुवारी

चि. ठमूस,
अ. आ.

अकरा दिवस दोन्ही गाड्या जुन्या दगडखाणीत, नदीच्या वाळूत आणि चिखलात पिदडल्या. कंबर मोडली आहे, पण मन खूश आहे. अहवाल समितीला गेला. तुला घरगुती भाषेत सांगतो.

पांढरी म्हणजे सासरी आलेली शिकलेली सून. आत गारवा, गुबगुबीत सीट, सगळं बटणावर. चारही चाकांना जोर द्यायचा तर बटण दाब, दिवा लुकलुकतो, काम झालं की स्थिर होतो. चढावर ब्रेकवरून पाय काढलास तरी क्षणभर स्वतःच धरून ठेवते. उतारावर आपणहून हळू होते. ठमे, मग चालवणाऱ्याने करायचं काय, पेपर वाचायचा? आणि ती सगळी तारांची गुंतागुंत उद्या बिघडली तर तुझ्या डोंगरात कोण दुरुस्त करणार?

हिरवी दणकट आहे. बसल्यावर हाडं खिळखिळी होतात हे कबूल. पण पोलादाची आहे, कुठल्याही गॅरेजात पान्याने उघडता येते, आणि ओढ्याचं पाणी तिला सर्दीसुद्धा करत नाही. मोठ्या गियरशेजारी एक छोटा दांडा आहे. चढणीआधी थांबायचं, तो मागे ओढायचा, की गाडी डोंगराच्या गियरमध्ये जाते आणि बैलासारखी चढते. अकरा दिवसांत शंभरेक वेळा ओढला असेल, एकदाही अडला नाही. तसं अहवालात स्पष्ट लिहिलंय. खडतर रस्ता आणि भरवसा या दोन्हींत हिरवीला झुकतं माप दिलं.

माझी धाकटी बहीण चालवणार म्हणून जरा जास्तच काटेकोर राहिलो. आता बिनधास्त जा.

आशीर्वाद आहेतच, प्रकृतीला जप.

तुझा,
दादा


१९ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

अक्षर वाकडं आलंय, लावून वाच.

हिरवी येऊन दोन आठवडे झाले होते. खरं सांगते, मला ती आवडली होती. शुक्रवारी वरच्या वस्तीला निघालो. ओढा सहज पार झाला. वळणावर थांबले. काका ठोकळा घेऊन उतरले, मागे गेले. मी हँडब्रेक ओढला, छोटा दांडा मागे घेतला, पहिला गियर टाकला आणि चढायचं म्हणून पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर नेला. गाडी मागे निघाली. मी जोर दिला, तर इंजिन नुसतं ओरडलं, चाकांना काही पोचेचना. ब्रेक दाबेपर्यंत काकांचा पाय चाकाखाली होता. ते ओरडलेसुद्धा नाहीत रे. मी उतरून मागे गेले तर ठोकळा त्यांनी अजून हातात घट्ट धरला होता.

मीच बांधलं, मीच त्यांना खाली मोठ्या दवाखान्यात नेलं. त्याच गाडीतून. टाचेचं हाड फुटलंय, दोन बोटं काढावी लागली.

काल समितीचं पत्र आलं. चालकाची चूक, असं त्यात आहे. किल्ली काढून घेतली. वीस मेपर्यंत खुलासा द्यायचा, नाहीतर कायमची मनाई, आणि गाडी न चालवणारी नर्स या केंद्रात ठेवता येत नाही म्हणून बदली. पत्रात तुझ्या अहवालातली ओळ उतरवलीय, दांडा एकदाही अडला नाही ती. वर अध्यक्षांनी समजावलं की अहवाल तुमच्या सख्ख्या भावाचा आहे, तेव्हा त्यावर तुमचा तरी अविश्वास नसावा.

नाहीच आहे. म्हणूनच विचारते, मी काय चुकले? वरच्या वस्तीत एका बाईचे दिवस भरत आलेत, तिच्याकडे मी आता पायी जाते. दोन तास लागतात. चालताना दुसरा विचारच येत नाही.

ठमी


२५ एप्रिल

चि. ठमूस,
अ. आ.

पत्र मिळालं. तू सुखरूप आहेस हे आधी. काकांचं फार वाईट झालं.

आता रागावू नकोस, पण मोठा भाऊ म्हणून लिहितो. तू घाबरली असशील. चढणीवर माणूस घाबरला की हात अर्ध्यात थांबतो. दांडा पूर्ण मागे गेला नाही तर तो मध्येच लटकतो, आणि तेव्हा इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटतो. गियर टाकलास काय, न टाकलास काय, सारखंच. वर ओढ्यातून आलेल्या गाडीचा हँडब्रेक भिजलेला, तो कसा धरणार? गाडीत दोष नाही गं. खुलाशात चूक मान्य कर, मी अध्यक्षांशी बोलतो, समज देऊन सोडतील. पुढच्या वेळी दांडा निश्चयाने ओढ. सोपं आहे. इतकं की तुझ्या वहिनीलाही जमेल. चाचणीच्या दोन्ही गाड्या अजून माझ्याकडेच आहेत, रविवारी तिला खाणीत नेऊन बघतो आणि एकेक पायरी कागदावर उतरवून तुला पाठवतो.

मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
दादा


३ मे

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमच्या दादांनी दोन कागद फाडले, तिसरा कोराच ठेवून ते अंगणात बसलेत. म्हणून मी लिहितेय.

लायसन्स काढून मला नऊ वर्षं झाली, पण घरात तज्ज्ञ असल्यावर माझ्या हाती स्टिअरिंग कोण देणार? रविवारी मात्र आग्रहाने नेलं. मलाही जमतं म्हणजे कुणालाही जमतं, हे सिद्ध करायचं होतं ना! खाणीतल्या चढावर हिरवी उभी केली, चाकांच्या मागे बऱ्याच अंतरावर वाळूची पोती रचली, आणि अहवालात लिहिलंय तेवढंच कर म्हणाले. मी तेवढंच केलं. वन्सं, सहा वेळा केलं आणि चार वेळा गाडी मागे जाऊन पोत्यांवर आदळली. पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा दांडा मी इतका ओढला की खांदा दुखला. सहाव्यानंतर मला उतर म्हणाले.

मग स्वतः बसले. दहा वेळा केलं, दहाही वेळा गाडी मुकाट वर गेली. बघ, म्हणाले. मी बघतच होते, पण दांड्याकडे नाही, त्यांच्या पायांकडे. म्हटलं, दांडा ओढायच्या आधी तुम्ही ब्रेक किंचित सैल सोडता. अजिबात नाही, म्हणाले. आवाज चढला. मी वाद घातला नाही. खाली उतरले, खडूने चाकावर एक रेघ मारली आणि जमिनीवर तिच्यासमोर दुसरी. दहा वेळा केलं त्यांनी. दहाही वेळा, दांडा बसायच्या आधी चाक चार बोटं सरकलं होतं.

त्या रेघांकडे बघत ते तिथेच दगडावर बसले. घरी येताना गाडी मी चालवली, आणि वाटेत त्यांनी मला एकही सूचना केली नाही. तेव्हा मी खरी घाबरले.

तुमची चूक नाही, हे मी तुम्हाला लिहून देते. माझ्या सहीला समितीत किंमत नसेल, पण त्यांची सही मी मिळवीन.

जेवत जा वेळेवर. आमच्यावर रुसा, पण आम्हाला टाकू नका.

तुमची,
वहिनी


९ मे

चि. ठमूस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

वहिनीने सगळं कळवलंय. हिरवीचं असं आहे की गाडी पूर्ण थांबली असेल तर आतले दाते कधीकधी जुळत नाहीत आणि दांडा मध्येच राहतो. बाहेरून तो पूर्ण मागे आल्यासारखाच वाटतो. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. गाडी चार बोटं सरकली की दाते जुळतात. बावीस वर्षं माझा पाय हे आपोआप करतोय आणि मला त्याचा पत्ता नाही. शिवाय गाडीने जोर धरल्याचं जाणवल्याशिवाय मी ब्रेक पूर्ण सोडतच नाही. हे कुठल्या पुस्तिकेत नाही, मला कुणी शिकवलेलं नाही, आणि म्हणून अहवालातही आलं नाही. तू पुस्तिकेप्रमाणे बरोबर केलंस. मी जे केलं ते कुणालाच करता आलं नसतं, कारण मी ते सांगितलंच नव्हतं.

पांढरीवरही वहिनीला बसवलं. वीसच्या वीस वेळा ती जागेवरून हलली नाही. दाते जुळेपर्यंत दिवा लुकलुकतो आणि तोवर ती स्वतः धरून ठेवते. मी त्याचेच गुण कापले होते. माझं काम माझ्याआधी करते याचा मला राग आला होता, ठमे, दुसरं काही नाही.

समितीला लिहिलेल्या पत्राची प्रत सोबत आहे. माझी चाचणी चुकीची होती, चालकाचा दोष नाही, आणि पाचही हिरव्या ताबडतोब थांबवाव्यात, असं स्वच्छ लिहिलंय. आमच्या मासिकातही तेच छापायला दिलं. संपादक म्हणाले, सध्या चाचण्या दुसरा कुणी करील. बरोबरच आहे.

मात्र मी तुला घाबरली असशील असं लिहिलं, चूक कबूल कर म्हणून सांगितलं, त्याला दुरुस्तीपत्र कुठे छापू?

दादा


३० मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

किल्ली परत मिळाली. तुझ्या पत्राने समितीत बरीच पळापळ झाली म्हणे. पाचही हिरव्या परत गेल्या, आणि आमच्या केंद्रासमोर गेल्या आठवड्यापासून पांढरी उभी आहे. अध्यक्ष म्हणाले की झालं गेलं विसरा. मी हो म्हटलं नाही.

वरच्या वस्तीतली बाई बाळंत झाली. मी दोन तास चालून पोचले तोवर बाळ बाहेर आलं होतं. दोघं बरी आहेत, पण त्यात माझं कर्तृत्व शून्य. परवा पांढरी घेऊन त्याच वळणावर गेले. दिवा लुकलुकला, स्थिर झाला, गाडी जागची हलली नाही. तरी मी चढणीवर पाच मिनिटं ब्रेक दाबून बसले आणि मोठ्याने रडले. ऐकायला कुणी नव्हतं, ते बरं.

मी रागावले आहे, दादा. चाचणी चुकली त्याबद्दल कमी. तू लिहिलंस की मी घाबरले, आणि मी ते खरं मानलं, त्याबद्दल जास्त. खुलासा लिहून ठेवला होता मी, चूक मान्य करणारा. वहिनीचं पत्र एक गुरुवार उशिरा आलं असतं तर तो गेला असता. हा राग उतरेल, पण आपला आपण उतरू दे त्याला.

दवाखान्यात काकांना तुझ्या पत्राची प्रत वाचून दाखवली. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. चालकाचा दोष नाही हे वाक्य आल्यावर माझा हात थोपटला. मग त्यांनी विचारलं, गाडीच्या मागे उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल यात काही लिहिलंय का? मला माहीत होतं, तरी मी पानं उलटून बघितली. पहिला अहवालही बघितला. कुठेच नाही.

काका आता कामावर येणार नाहीत. काठी घेऊन घरात फिरतील इतपतच चालतील. अपघातानंतर तुझी मला दोन पत्रं आली, समितीला एक, मासिकाला एक. त्यांना एकही नाही. मला लिहिलेलं पुरे झालं. त्यांना लिही.

वहिनीला माझा कडकडून नमस्कार. तिला गाडी चालवू दे.

तुझी,
ठमी


६ जून

मा. कंपाउंडर काका यांस,
सा. न.

आपण मला ओळखत नाही. त्या हिरव्या गाडीचा अहवाल लिहिणारा तो मी.

आपला पाय माझ्यामुळे अधू झाला. माझ्या बहिणीमुळे नाही आणि आपण कमी पडलात म्हणूनही नाही. त्या वळणावर गाडीमागे आपण उभे असता हे बहिणीने मला चाचणीच्या आधीच लिहून कळवलं होतं. मी ते वाचलं होतं. अकरा दिवसांत मी एकदाही गाडीतून उतरून मागे जाऊन उभा राहिलो नाही. काल पहिल्यांदा राहिलो. बायकोला गाडीत बसवलं, खाणीतल्या चढावर ठोकळा हातात घेऊन चाकामागे गेलो, आणि तिने इंजिन सुरू करायच्या आधीच बाजूला पळालो. माझ्याच्याने झालं नाही. आपण हे कित्येक वर्षं करत होता.

क्षमा मागतो आहे, पण ती द्यायलाच हवी असं नाही. पत्राखाली लोभ असावा असं लिहायची रीत आहे, तेही आपल्याकडे कुठल्या तोंडाने मागू? मी वीस तारखेला ट्रकबरोबर येतो आहे. आपण बोललात तर ऐकेन. नाही बोललात तर आपल्याजवळ बसून राहीन.

आपला अपराधी,
नर्सबाईंचा भाऊ