कांद्याच्या चाळीतली सफरचंदं

११ सप्टेंबर ८३, रविवार
हिचा टायफॉईड उतरला. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा फार आहे, रोज एक सफरचंद द्या. बस्स. ते कुठं, कसं साठवलेलं हवं, एक अक्षर नाही. डिग्र्या वाटतात हल्ली. मी मासिकात लेख वाचलाय: सफरचंदातली, विशेषतः सालीतली गुणकारी द्रव्यं उष्णतेनं घटतात. थंड, अंधारी, हवेशीर जागा पाहिजे. निश्चय: हिला निकृष्ट माल द्यायचा नाही.

१२ सप्टें.
पंचवटीत खलील फळवाल्याकडे. फळं भर उन्हात, वर फडक्यानं पुसून चमकवलेली. मूर्ख. म्हणे, साहेब, रोज एक ताजं न्या, आज का आज खिलाओ. मी सीलबंद पेटीच घेतली. घरी फ्रिज नाही. शेजारच्या मालनबाईंकडे आहे, पण त्यांच्यापुढे हात कोण पसरणार?

१४ सप्टें.
आयडिया! नांदगावला मेहुण्याची, निवृत्तीची कांद्याची चाळ आहे. तिथं कांदा सहा महिने टिकतो, मग सफरचंद कोण लागून गेलंय? रजा टाकली, एसटीनं पेटी पोचवली. निवृत्ती म्हणाला, दाजी, लय वास लागंल हो. अडाणी! सालीवरचं मेण वास आत शिरू देत नाही, हे त्याला सांगितलं. पेटी उचलून आत ठेवली. पटलं असणार.

२० सप्टें., सायं. ७
ही भिंत धरून मोरीपर्यंत जाते. विचारत होती, एखादं तरी आणता का? द्रव्यांचं शास्त्र अर्धा तास समजावलं. मध्येच झोपली. बायकांना सायन्सचं वावडंच.

२ ऑक्टो., रविवार
आज पेटी आणणार होतो. एसटीला गर्दी असेल, म्हणून नाही गेलो. ही जिना उतरायला लागली. गालांवर रंग आलाय. माझ्या समजावण्याचा परिणाम.

१६ ऑक्टो., रविवार
पेटी आणली. आठ सडली, बाकीच्यांना सुरकुत्या. पण साल गडद! म्हणजे द्रव्यं शाबूत. एसटीत शेजारच्यानं विचारलं, कांदे काय भावानं घेतले? असल्या लोकांना उत्तर देत नाही.

१७ ऑक्टो.
हिनं एक कापलं, हुंगलं, बाजूला ठेवलं. मग सांगितलं. एकवीस तारखेपासून मालनबाई खलीलकडून रोज एक सफरचंद आणून देत होत्या. ही सालीसकट खायची. वीस तारखेला झोपली नव्हती म्हणे, नुसते डोळे मिटून घेतले होते.
मला का नाही सांगितलं, म्हणून मी चिडलो. त्यावर तिनं विचारलं, उद्या तुम्ही आजारी पडलात तर औषध आणू, की तुम्हालाच नेऊन ठेवू नांदगावच्या चाळीत?
विचारताना हसत नव्हती.