सही वाळेपर्यंत

२ मार्च

आलो एकदाचा. माझ्यामागून चार खोकी, एक गादी आणि लेकीच्या सूचना आल्या, त्यांत सूचनांचं वजन सगळ्यांत जास्त. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि उत्तरेला एवढी मोठी खिडकी की दिवसभर उजेड एकसारखा राहतो. चित्रं काढणाऱ्याला आणखी काय हवं! एकतीस वर्षं ऑफिसात नकाशे काढले, प्रत्येक रेघ पट्टी लावून. आता उरलेलं आयुष्य वाकड्या रेघा काढणार, असं लेकीला जाहीर करून टाकलं. ती म्हणाली, आधी खोकी उघडा.

आधीच्या भाडेकरूने आपलं चित्र टेकवायचं ईझल इथेच सोडलंय. लेक ते फेकायला निघाली होती, मी तिच्या हातातून काढून घेतलं. जुनं आहे, पण पाय भक्कम आहेत. भिंतींवर चित्रं टांगल्याचे फिकट चौकोन आहेत, बरेच.

ही असती तर सगळ्यात आधी खिडकीची काच पुसली असती. म्हणून मीच पुसली. हिला जाऊन चौदा महिने झाले. जुन्या घरात कुठलंही दार वाजलं की ही आली असं वाटायचं, म्हणून तर ते सोडलं. इथली दारं निदान वेगळ्या आवाजात करकरतात.

५ मार्च

नवा नेम केलाय. सकाळचा चहा होईपर्यंत जे नजरेला पडेल ते काढायचं, विषय शोधत बसायचं नाही. आज किटली काढली. बुडाला पोचा, तोटीवर काळा डाग, झाकणाला मूळच्या मुठीऐवजी हिने बसवलेलं शर्टाचं बटण. पितळ म्हणजे पिवळा रंग अशी माझी बाळबोध समजूत होती. नीट पाहिलं तर किटलीच्या पोटात खिडकीचं निळं, माझ्या बनियनचं पांढरं, आणि मध्ये एक हिरवट कड, ती कुठून आली देव जाणे. तीन तास भुर्रकन गेले, चहा आटून गेला.

शेवटी उजव्या कोपऱ्यात सही ठोकली. ऑफिसचा शिरस्ता होता, सही नसलेला नकाशा टेबलावरून हलत नसे. ते अंगात मुरलंय.

हिचं चित्रही सुरू केलंय. फोटो ढीगभर आहेत, पण फोटोत ही नेहमी फोटोसाठी बसलेली असते. मला हवी आहे ती कामातून मान वर करून बघणारी. अजून नाक जमत नाही. या घरात मी खरं तर एवढ्या एका चित्रासाठी आलोय.

९ मार्च

तळमजल्यावर शिंपीकाका आहेत. तोंडात टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं अंदाजाने घ्यावं लागतं. चित्रासाठी मशीनवर बसायला एका पायावर तयार झाले. अट एकच, टकलावर थोडे केस काढायचे, रंग काही तुमच्या खिशातून जात नाही म्हणाले. म्हटलं, माझ्याच खिशातून जातो. तरी चार केस काढले. खूप हसलो. हिच्यानंतर इतका पहिल्यांदाच हसलो असेन.

आज सही केली. दोन्ही चित्रं भिंतीवर टांगली, जुन्या चौकोनांत अगदी मापात बसली.

११ मार्च

शेगडीजवळ चार-पाच दिवस पितळेचं काहीतरी पडलंय. फुगलेलं पोट, एका बाजूला वाकडी नळी, वर बटण. लेकीने आणून टाकलं असावं. चहा पातेल्यात केला.

जिन्यात एका टकल्या गृहस्थाने अडवलं आणि चित्र वाळलं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आपली ओळख नाही. त्याला आधी थट्टा वाटली, हसला. मग त्याचं तोंड एवढंसं झालं.

१२ मार्च

वही सहज मागे उलटली. अक्षर माझंच आहे. किटली. शिंपीकाका. ओळ न् ओळ वाचली, पण दुसऱ्याच कुणाच्या घरची हकीकत वाचतोय असं वाटलं. खाली गेलो. मशीनवर तोच माणूस बसला होता. माफी मागितली, म्हटलं वय झालं. त्याने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. मग म्हणाला, वरचे आधीचेही असेच चित्रं काढायचे. एकेक करून सगळी आळी विसरले. शेवटी स्वतःचं चित्र काढलं, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, की मी कुणाकडे आलोय?

वर आलो आणि त्या आधीच्या माणसाच्या ईझलकडे बघत बसलो.

१५ मार्च

खात्री करून घेतली. खिडकीतलं झाड काढलं, सही केली नाही. छत्री काढली, तिच्यावर सही केली, आणि चिठ्ठी लिहून ठेवली की ही छत्री, पावसात डोक्यावर धरतात. काल दुपारी सहीला बोट लावून पाहिलं, चिकट होती, आणि छत्री म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आज सकाळी सही कोरडी आहे. कोपऱ्यात काळं कापड आणि काड्या उभ्या आहेत. चिठ्ठी वाचून मी ते डोक्यावर धरून पाहिलं.

झाड मात्र झाडच आहे.

म्हणजे सही. सही वाळली की गेलं.

नवं ईझल घ्यावं, घर सोडावं, हे कळतं. पण हिचं चित्र याच ईझलवर चाललंय, आणि काल नाक जमलं.

१८ मार्च

चित्र झालं. मान वर करून बघतेय, काहीतरी विचारण्याच्या बेतात. हुबेहूब ही. समोर बसून ढसाढसा रडलो.

फाडून टाकावं असं दहादा मनात आलं. कसं फाडू? हिला एकदा अग्नी दिला आहे, पुन्हा नाही जमणार. उजवा हात आपोआप कोपऱ्याकडे जातो, एकतीस वर्षांची सवय. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. बिनसहीचं राहू दे. आयुष्यात एक काम अपुरं राहिलं तर राहिलं.

२१ मार्च

लेक दुपारी येऊन गेली. तिला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरळ डॉक्टरकडे नेलं असतं. मी दूध आणायला खाली गेलो तेवढी पंधरा मिनिटं ती घरात एकटी होती. परत आलो तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने मला मिठी मारली. निघताना हसत म्हणाली, एक गंमत करून ठेवलीय, उद्या सांगेन.

२२ मार्च, सकाळ

लेकीचा फोन आला. आईला भिंतीकडे तोंड करून का ठेवलंत म्हणाली. तिने चित्र वळवून पाहिलं, पोटभर रडली. आणि बाबा सही करायला विसरले म्हणून तिनेच माझ्या बारीक ब्रशने करून टाकली. शाळेत प्रगतिपुस्तकावर माझी सही करायची, बाईंनाही कधी कळलं नाही, हात अजून तसाच आहे म्हणाली.

छान केलंस म्हटलं. तिने प्रेमानेच केलं. तिला हे कधीच कळता कामा नये.

सही वाळली आहे. शेवटच्या वळणावर रंगाचा थेंब जाड आहे, तेवढाच ओला. टर्पेंटाइनने घासली. चिंधी फाटली. सही तशीच.

साडेदहा

आठवेल ते लिहितो. भाजी चिरताना एका पायावर उभी राहायची, दुसऱ्या पायाने पोटरी खाजवत. विनोद सांगायच्या आधी स्वतःच हसत सुटायची, विनोद कुणाला कळायचाच नाही. शेवटच्या दिवशी नळ्या लावलेल्या, तरी जेवलात का विचारलं. मी नव्हतो जेवलो. हो म्हटलं.

मला हिची फार आठवण येते. हे पहिल्या पानावरच लिहायला हवं होतं.

अकरा

हिचा आवाज गेला. ओठ हलताना दिसतात, पण —

थेंबावर साय धरली.

मागची पानं वाचतोय. सगळीकडे नुसतं ही. हिने, हिला, हिचं. नाव एकदाही नाही. समोर असली की अगं, मागे ही, सगळा संसार एवढ्यावर —

साडेअकरा

चित्रातली बाई छान आहे. काहीतरी विचारतेय —

नाही. ही ती. ही. माझी.

कुणाच्या तरी पोटरीबद्दल वर लिहिलंय —

बारा

थेंब टाचणीच्या डोक्याएवढा ओला आहे. घाई केली पाहिजे. कागदोपत्री नाव लेकीला माहीत आहे, ते ती मला सांगेल, मी पाठ करीन. पण दार लावून घेतल्यावर मी हिला एका वेगळ्याच नावाने हाक मारायचो. लग्नाच्या आठवड्यात ठेवलेलं. लेकीलाही माहीत नाही. ऐकलं की लाजायची, म्हातारपणीसुद्धा. ते फक्त आम्हां दोघांत होतं, आता एकट्या माझ्यापाशी आहे. ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे निदान वहीत तरी राहील. अजून आहे, जिभेवर आहे. मी हिला म्हणायचो —