बुजलेल्या विहिरींवर तीन हजार शब्द

४ ऑगस्ट, सोमवार
बारावीच्या रिसर्च पेपरचा विषय पक्का: वारज्यातल्या बुजलेल्या विहिरी. तीन हजार शब्द. १२ सप्टेंबरला वर्गासमोर वाचायचा. पास झाला नाही तर रिझल्ट अडकतो. मी २० ऑगस्टलाच संपवणार. उरलेले दिवस निवांत सुधारणांना. रंगीत टाइमटेबल करून भिंतीवर लावलं. दुपार त्यातच गेली.

१७ ऑगस्ट, रविवार
टाइमटेबलप्रमाणे अडीच हजार शब्द व्हायला हवे होते. टायटल झालंय. फॉन्टही ठरलाय.
मुलाखत मात्र घेतली. मागच्या गल्लीतले कचरूकाका पूर्वी गावातल्या विहिरींचा गाळ काढायचे. तासभर बोलले. रेकॉर्डिंग चालू होतं, त्यामुळे ऐकायची गरज नव्हती. तेवढ्यात आईच्या फोनवर मॅचचा स्कोअर बघून घेतला. टाइम मॅनेजमेंट.

३० ऑगस्ट, शनिवार
गणपतीत कोण लिहितं? तरी रेकॉर्डिंग उघडलं. चौदा सेकंद! फोनची मेमरी फुल होती. काका विचारतात, "चालू हाय का?" मी म्हणतो, "हो." संपलं.
परत जावं का? नको. वयस्कर माणूस, उगाच त्रास. आशय मला कळलाय. शब्द मी देईन.

८ सप्टेंबर, सोमवार
ड्राफ्ट दिला. काकांच्या तोंडी एक वाक्य घातलंय: "विहीर म्हणजे समाजाच्या सामूहिक स्मृतीचा आरसा." वाचताना माझेच डोळे भरून आले. आमच्या गाइड तेजस्विनी मॅडमनी समासात लिहिलं, "काका एम.ए. आहेत का?" भाषेचा प्रभाव पडलेला दिसतोय.

१० सप्टेंबर, बुधवार
सुधारणा पूर्ण. 'आरसा' होता, तिथे 'आरसा हाय' केलं. अजून तीन ठिकाणी 'हाय' टाकलं. आई म्हणाली, काका इथेच तर राहतात, एकदा वाचून दाखव की त्यांना. तिला म्हटलं, रिसर्चमध्ये असं नसतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
मॅडमनी काकांना बोलावलं होतं. मला न सांगता. इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसले होते. मी वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, भारावलेत.
मॅडम म्हणाल्या, "काका, आपल्याला काही बोलायचंय?"
काका उभे राहिले. "पोरगं वाचतंय झ्याक. पण ह्यातला कचरू कोन हाय?"
वर्ग खो खो हसला. काका हसले नाहीत. म्हणाले, "माझा भाऊ गाळ काढताना हिरीतच गेला. आता तिच्यावर ह्याच्या सोसायटीचं पार्किंग हाय. ते सांगितलं व्हतं ह्याला. आजवर कुनाला सांगितलं नव्हतं."
नंतर कोणीच हसलं नाही. मी कागद सरळ करत राहिलो. ते सरळच होते.

१३ सप्टेंबर, शनिवार
पेपर परत. शेरा एकच: "पुन्हा." मुदत एक महिना.
संध्याकाळी वही-पेन घेऊन काकांकडे गेलो. म्हटलं, चुकलं माझं. म्हटलं, परत सांगाल का? या वेळी नीट ऐकेन.
त्यांनी चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाले, "एकदा सांगून झालं रे बाळा."
चहा दिला. प्यायलो. वही कोरीच घेऊन घरी आलो.