गढूळ पिवळा

प्रिय बाबा,

तुमचं व्हायोलिन उपडं करून मी मांजराचा तो जुना ओरखडा शोधत होते, तेव्हा पेटीचं झाकण हातातून निसटून धाडकन आपटलं. तुम्ही माझ्याकडे पाठ करून खिडकीशी पेपर वाचत होतात. मागे वळला नाहीत. मुद्दामच वळत नाही, असं मला वाटलं.

आल्यापासून मी तुमच्यावर पाळत ठेवून आहे. लहानपणी तारा लावताना तुम्ही मला समोर बसवून विचारायचात, "काय गं रंगारीण, आला का पिवळा?" सूर नेमका लागला की मला पिकल्या लिंबाचा पिवळा दिसायचा आणि सगळं ठीक आहे असं वाटायचं. आई म्हणायची, "एकाला ऐकू येतं, दुसरीला दिसतं, भांडी मात्र मला घासायची." या वेळी पहिल्याच संध्याकाळी तुम्ही वाजवलंत, आणि पिवळ्यात शेवाळ उतरलं. बोटं तीच, चाल तीच, रंग गढूळ.

वाटलं, व्हायोलिन विकून कुठलं तरी स्वस्तातलं आणलंत. शिकवण्या का बंद केल्या विचारलं, तर म्हणालात, "कंटाळा आला पोरांचा." तुम्हाला? वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या की तुमच्याशी बोलत नाहीत, नुसत्या हसतात. तुम्हीही हसता. त्यावरून मनात काय काय आलं, ते लिहीत नाही. दादाला फोन केला, बाबांचं काहीतरी शिजतंय. तो म्हणाला, "तुझ्या रंगांवर कुणाला फाशी देऊ नकोस."

ओरखडा सापडला. व्हायोलिन तेच आहे. मग मी झाकण उचललं आणि या वेळी मुद्दाम आपटलं. वरच्या बाईंनी जिन्यातून ओरडून विचारलं, काय पडलं? तुम्ही शांतपणे पान उलटलंत.

बोलायचं म्हणून तुमच्यामागे येऊन उभी राहिले, हाकही मारली. शेवटी लिहायला बसले, कारण कागदाला "काय म्हणालीस?" असं विचारावं लागत नाही. कानाच्या डॉक्टरांकडे उद्या सकाळची वेळ घेतली आहे. हे पत्र पेटीत, तारांवर ठेवते. तारांना मी हात लावलेला नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय लावणार नाही.

तुमचीच,
रंगारीण

सकाळी पेटी उघडली. वाचलं. चहा झाकून ठेवला आहे, पिऊन घे, मग निघू. व्हायोलिन टेबलावर आहे. निघण्याआधी तारा तू लाव. पिवळा आला की मला खूण कर.
— बाबा