लग्नाच्या शूटिंगचं चित्र

कोराडी,
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय सिंधू,
सप्रेम जयभीम. वि. वि.

प्रदर्शन पक्कं झालं. रविवार, १४ डिसेंबर, सकाळी अकरा, आमच्या वसाहतीचं वाचनालय. सेक्रेटरी अंजनाबाई काल स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. मला नीट ऐकू गेलं की नाही अशी शंका आली म्हणून जाताना कॅलेंडरवर गोलही करून गेल्या. वीजकेंद्रात टर्बाइनजवळ तीस वर्षं काढलेल्या भावाला फोन करण्यापेक्षा पत्र बरं, हे एकट्या तुलाच उमजलं. बाकीचे अजून फोनवर ओरडून राहिले आहेत.

जुन्या फायलीत तेवीस चित्रं निघाली. सगळी ड्यूटीवर यंत्राच्या नोंदी उमटलेल्या गोल चार्टांच्या पाठकोऱ्या बाजूला काढलेली. दर सोमवारी एक क्लबच्या फळ्यावर लावत असे. छपरावर अँटेना फिरवणारा माणूस, आणि खाली आलं, गेलं, पुन्हा आलं असं त्याला कळवत उभी असलेली अर्धी वसाहत. सायकलस्वारापेक्षा मोठा टेपरेकॉर्डर. ब्रेकडान्स करणाऱ्या पोराला झटका आला समजून उचलून दवाखान्यात नेणारे शेजारी. अंजनाबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

तेविसावं तुझ्या लग्नाचं आहे, १९८७चं. तेव्हा लग्नात व्हिडिओ शूटिंगचं वेड नवंच होतं. तुझे सासरे खुर्चीवर चढून, हात वर करून ओरडताहेत की हार नीट दिसला नाही, पुन्हा घाला. तू आणि संघपाल तिसऱ्यांदा हार घेऊन उभे. ते चित्र फळ्यावर दोन दिवस होतं आणि तुझ्या सासरी दोन वर्षं. म्हणून विचारतो. लावू काय वं?

माया आहे तशीच ठेव.
तुझा दादा,
आनंदराव

मनीषनगर,
२५ नोव्हेंबर

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

बावीस चित्रं लाव, मी पेढे घेऊन येते. तेविसावं नाही.

सासूबाई आता शहाऐंशीच्या आहेत. डोळ्यांवरचा चष्मा कुठे ठेवला ते विसरतात, तुझं चित्र विसरलेल्या नाहीत. माझे सासरे मामाजी बाजारात गेले की लोक त्यांना डायरेक्टर साहेब म्हणायचे. ते हसून सोडून द्यायचे. सासूबाई यमुताईंनी मात्र कोणालाच सोडलं नाही. तू गंमत केलीस आणि कोराडीला राहिलास. मी त्या घरात पोळ्या लाटत होते. पोळी वाकडी झाली तरी मोनालीच्या जन्मापर्यंत ऐकावं लागायचं की चित्रकाराची बहीण, आकार तरी नीट येऊ दे.

सध्या घरात लग्नाच्या कॅसेटचाच विषय आहे. मामाजींना जाऊन बारा वर्षं झाली. सासूबाईंना एकदा त्यांना चालताबोलताना बघायचं आहे, दुसरं काही मागत नाहीत. मोनालीने कॅसेट सीताबर्डीच्या एका दुकानात दिली आहे, दुकानदार ती मोबाइलवर उतरवून देणार. रोज सकाळी चहाआधी सासूबाई नातीला विचारतात, आली काय.

कानाला मफलर बांधत जा. थंडी वाढली आहे.
राग धरू नये, ही विनंती.
तुझी,
सिंधू

कोराडी,
२९ नोव्हेंबर

प्रिय सिंधू,
सप्रेम जयभीम. वि. वि.

चित्र फायलीत परत ठेवलं. विषय संपला. बावीस चित्रांसाठी खिळे ठोकतानाच माझा अंगठा सुजला, तेव्हा तेवीस नाहीत हेही बरंच.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी तेव्हा फळ्यापुरता विचार करायचो, सोमवारी लोक हसले की झालं. तुझ्या पोळ्यांचा विचार कधी केला नाही. हे इतक्या वर्षांनी लिहितो आहे, तरी लिहितो.

कॅसेट निघाली की यमुताईंच्या पायाशी बसून मलाही बघायची आहे, त्यांनी येऊ दिलं तर.

आठवण ठेव.
दादा

मनीषनगर,
४ डिसेंबर

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

कॅसेट गेली. दुकानदाराने परवा मोनालीला समोर लावून दाखवलं. आत पांढरी बुरशी धरली आहे. सगळ्या लग्नातून अकरा सेकंद निघाले आणि त्यात बुंदी वाढणारा एक हात आहे. कोणाचा तेही ओळखू येत नाही.

लग्नाचा फोटो एकही नाही. शूटिंग असताना फोटोवाला कशाला, असं मामाजींनीच ठरवलं होतं. सासूबाईंना सांगितलं. जेवायला बसल्या आणि तशाच उठल्या. दोन दिवस झाले, चहाआधी काही विचारत नाहीत. त्या विचारायच्या तेच बरं होतं.

मोनाली म्हणाली की त्या दिवसाचं काहीच कसं उरलं नाही. तेव्हा मी तुझ्या चित्राचं सांगितलं. तिने मलाच झापलं, काहून लपवलं म्हणून. ती रविवारी बसने येते. तिच्याजवळ चित्र दे. सासूबाई काय करतील मला माहीत नाही. आठवडाभर माझ्या हातचं जेवणार नाहीत असंही होईल. तरी दे.

तुझी,
सिंधू

कोराडी,
७ डिसेंबर, मोनालीच्या हाती

प्रिय सिंधू,
सप्रेम जयभीम.

चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलं आहे. मामाजींचं तोंड मी फारच मोठं काढलं आहे, अर्धा चेहरा तेवढाच. ते जरा लहान करून द्यावं असं वाटलं. पेन उचललं आणि ठेवून दिलं. यमुताईंना रागवायचं असेल तर जे काढलं त्यावर रागवू दे.

मोनालीने चहात तीन चमचे साखर घेतली. लक्ष ठेव.

दादा

मनीषनगर,
९ डिसेंबर

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सासूबाईंनी चित्र पाहिलं. काल दुपारी खिडकीशी बसून, भिंग घेऊन, चहा निवेपर्यंत. मी स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत होते. ह्यांनी तर पेपर उलटा धरला होता.

मग त्यांनी हाक मारली. म्हणाल्या, घरातल्या सगळ्या फोटोंत हे रेशनकार्डासाठी बसल्यासारखे तोंड मिटून बसले आहेत. साठ वर्षं संसार केला, ह्यांचं तोंड मिटलेलं मी झोपेतसुद्धा पाहिलं नाही. हे असेच ओरडायचे. तुझ्या भावाने तेवढं बरोबर काढलं. मोनालीने विचारलं की मग आजी, तेव्हा राग काहून आला होता. तर म्हणाल्या, तेव्हा ते घरात होते, चित्राची काय गरज होती.

तुला अगदीच माफ केलं असं समजू नकोस. खुर्ची चुकली आहे म्हणाल्या, ती लोखंडी घडीची होती, तू लाकडी काढली आहेस.

चित्र लावायचं आहे, पण खाली, बसून दिसेल असं. रविवारी त्यांना गाडीने आणतो, साडेदहाला पोचू. अंजनाबाईंना सांग की दार अकरालाच उघडायचं. तोपर्यंत सासूबाई आत एकट्या बसणार आहेत. त्यानंतर लोकांना येऊ द्या आणि खुशाल हसू द्या, असं त्यांनीच सांगितलं आहे.

तुझी,
सिंधू