वाळून आलेली अळंबी

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीत हीटर बसवलाय, काळजी नको.

तुमचं पार्सल आज मिळालं, पाठवल्यापासून एकवीस दिवसांनी. "तुझीच अळंबी आपल्या टेकडीवर! एक तुला, बाकीच्यांची आज भाजी," ही चिठ्ठी वाचून आधी हसले. मग चिठ्ठीवरची तारीख पाहिली.

बाबा, चूक माझी. मीच ऐटीत इथल्या अळंबीचा फोटो पाठवला आणि खाली "खाण्याजोगी" असं लिहिलं. छत्रीखाली स्पंज असलेल्या डझनभर जाती सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. फोटोतली अळंबी कुठे कुठे उगवते त्या नकाशावर आपल्या भागात एकही ठिपका नाही. मग तुम्हाला सापडली ती कोण? ताजी अळंबी दाबल्यावर निळी पडते का, यावरून ती विषारी आहे का ते थोडंफार कळतं. ही वाटेत वाळून कडक झालीय. दहा वेळा दाबली, काही सांगत नाही. आणि इथे सगळे मला तज्ज्ञ म्हणतात!

आई मीठ बघायला भाजी आधी चाखते. त्या दिवशीही चाखली का?

घरचा फोन महिनाभर मुका आहे. हे पत्र पोचायलाही एकवीस दिवस लागतील. तरी लिहिते: ती भाजी खाऊ नका.

तुमची,
धाकटी